भूगोलाची सुरुवात एका आडव्या रेघेपासून: हरिहरेश्वर ते अकलूज

भूगोल नव्याने शिकू पाहणारा माणूस बहुतेक वेळा याद्यांपासून सुरुवात करतो. नद्या आणि त्यांच्या उपनद्या, घाट आणि ते कुठल्या दोन गावांना जोडतात, शिखरं आणि त्यांची उंची. परीक्षेपुरतं हे पाठांतर कामी येतं, पण अनोळखी मुलखात उभं राहिल्यावर त्यातून काहीच सुचत नाही. भूगोलाचे मूळ प्रश्न दोनच आहेत: हे कुठे आहे, आणि ते तिथेच का आहे? या दोन प्रश्नांची सवय लागली की नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत, ती कारणांच्या आधाराने राहतात.

ही सवय लावण्याची मला पटलेली पद्धत अशी: महाराष्ट्राच्या नकाशावर एक आडवी रेघ ओढायची आणि तीच नीट समजून घ्यायची. इथे मी घेतलेली रेघ अठराव्या अक्षवृत्ताच्या किंचित खालून जाते. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरला, सावित्री नदीच्या मुखापाशी ती सुरू होते. तिथून पोलादपूर, महाबळेश्वर, पाचगणी, वाई, फलटण आणि शेवटी सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज. किनारा, खाडी, कडा, घाटमाथा, नदीखोरं, कोरडं पठार, कालव्याखालची शेती, सगळं या एका रेघेवर भेटतं. सुरुवातीला दुसरं काही शिकायची गरज नाही.

सामान साधं लागतं. एक चांगला ॲटलास, आलेख कागद, पेन्सिल, पट्टी, थोडा दोरा आणि फोन.

ठिकाणं पक्की करा

आधी प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश आणि रेखांश वहीत लिहून काढा.

हरिहरेश्वर: १७°५९′ उत्तर, ७३°०१′ पूर्व
पोलादपूर: १७°५९′ उत्तर, ७३°२८′ पूर्व
महाबळेश्वर: १७°५५′ उत्तर, ७३°४०′ पूर्व
पाचगणी: १७°५५′ उत्तर, ७३°४८′ पूर्व
वाई: १७°५७′ उत्तर, ७३°५३′ पूर्व
फलटण: १७°५९′ उत्तर, ७४°२६′ पूर्व
अकलूज: १७°५३′ उत्तर, ७५°०१′ पूर्व

फोनमधले नकाशे हेच आकडे दशांशात दाखवतात, आणि नवशिक्यांची पहिली गडबड तिथेच होते. एका अंशात ६० मिनिटं असतात, १०० नाहीत. म्हणून महाबळेश्वरचे १७°५५′ म्हणजे १७.५५ नव्हे. ५५ ला ६० ने भागा, ०.९२ येईल, म्हणजे १७.९२. हे चुकलं तर ठिकाण सरळ चाळीस किलोमीटर दक्षिणेला सरकतं. आकडे लिहिताना नेहमी अक्षांश आधी आणि रेखांश नंतर.

आता या आकड्यांतून अंतर काढा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, तो कुठेही जवळपास तेवढाच. रेखांशाच्या अंशाचं तसं नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे एकत्र येत जातात, त्यामुळे हे अंतर विषुववृत्तापासून दूर जाताना कमी होतं. अठराव्या अक्षवृत्तावर ते सुमारे १०६ किलोमीटर आहे. हरिहरेश्वर ते अकलूज बरोबर दोन रेखांश, म्हणजे सरळ रेषेत साधारण २१२ किलोमीटर. गाडीने जाल तर अंतर पुष्कळ जास्त भरतं. ते का, हे पुढे छेद, म्हणजे जमिनीच्या चढ-उताराचं बाजूने दिसणारं चित्र, काढताना दिसेल.

रेखांशातून वेळही निघते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. अकलूजला सूर्य उगवल्यावर सुमारे आठ मिनिटांनी तो हरिहरेश्वरला उगवतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे. अकलूज त्या रेखावृत्ताच्या साडेसात अंश पश्चिमेला, म्हणून तिथली सूर्याची दुपार बाराला न होता साडेबाराच्या सुमारास होते. हे तपासायला उपकरण लागत नाही. अंगणात सरळ काठी रोवा आणि तिची सावली सगळ्यात आखूड केव्हा होते ते पाहा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात या रेघेवर एक दिवस असा येतो की सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि काठीची सावली नाहीशी होते. जुलैअखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे सहसा दिसत नाही.

टोपोशीटचा क्रमांक काढायला शिका

ॲटलासवर ठिकाण कळतं, पण जमीन कळायला टोपोशीट लागते, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा. हा विभाग १७६७ साली सुरू झाला आणि त्याचं मुख्यालय डेहराडूनला आहे. टोपोशीटचे क्रमांक पहिल्यांदा पाहणाऱ्याला अगम्य वाटतात. खरं तर अर्ध्या तासात ते कुणालाही जमतात, आणि एकदा जमले की नकाशा हाती घेण्याआधीच जागा डोळ्यांसमोर येते.

सगळ्या प्रदेशाचे चार अंश बाय चार अंशांचे चौकोन केलेले आहेत. १६° ते २०° उत्तर आणि ७२° ते ७६° पूर्व या चौकोनाचा क्रमांक ४७. आपली पूर्ण रेघ त्यातच बसते. या चौकोनाचे एक अंश बाय एक अंशाचे सोळा भाग, त्यांना ए ते पी अक्षरं. ही अक्षरं आडवी लावत नाहीत. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून खाली उतरायचं, तळ गाठला की शेजारच्या स्तंभात पुन्हा वरून खाली. म्हणून पहिल्या स्तंभात ए, बी, सी, डी, दुसऱ्यात ई, एफ, जी, एच. १७° ते १८° उत्तर आणि ७३° ते ७४° पूर्व हा भाग आला जी. त्या जीचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा तुकडे, त्यांना १ ते १६ आकडे, तसेच वरून खाली.

आता महाबळेश्वर शोधू. रेखांश ७३°४०′, म्हणजे ७३°३०′ ते ७३°४५′ हा तिसरा स्तंभ. अक्षांश १७°५५′, म्हणजे सगळ्यात वरची ओळ. तिसऱ्या स्तंभातला पहिला तुकडा ९, म्हणून नकाशा ४७ जी/९. हीच रीत लावली की हरिहरेश्वर ४७ जी/१ वर येतं, पोलादपूर ४७ जी/५ वर, पाचगणी आणि वाई दोन्ही ४७ जी/१३ वर. पुढे फलटण ४७ के/५ आणि अकलूज ४७ ओ/१. आकडे पूर्वेकडे चाराचाराने का वाढतात, ते आकृती काढली की लगेच कळेल. हे उत्तर वाचून सोडू नका, चौकोन स्वतः आखा आणि आपल्या गावाचा क्रमांक काढा.

विभागाच्या अलीकडच्या ओपन सिरीज नकाशांना वेगळ्या पद्धतीचे क्रमांक असतात आणि ते विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. पण महाविद्यालयांत, जुन्या अहवालांत आणि गिर्यारोहकांच्या बोलण्यात अजूनही ‘४७ जी’ असंच येतं, त्यामुळे जुनी पद्धत यायलाच हवी.

प्रमाण समजून घ्या

या नकाशांचं प्रमाण १:५०,००० असतं. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंटिमीटर, अर्थात अर्धा किलोमीटर. वळणावळणाच्या रस्त्याची लांबी काढायची असेल तर दोरा रस्त्यावर बसवत न्या, मग तो पट्टीवर सरळ करून मोजा आणि सेंटिमीटरांना दोनने भागा.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच पक्की करावी. १:५०,००० हा बृहत् प्रमाणाचा नकाशा आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा लघु प्रमाणाचा. छोटा प्रदेश मोठा करून दाखवला तर प्रमाण बृहत्. पुस्तकातून वाचताना हे उलटं वाटतं आणि परीक्षेतही खूप जण इथे अडखळतात. अपूर्णांकाकडे पाहा: पन्नास हजारावा भाग हा एक कोटीव्या भागापेक्षा मोठा असतो. तेवढं पुरे.

समोच्च रेषा वाचा, मग छेद काढा

टोपोशीटवर तपकिरी रंगाच्या ज्या बारीक रेषा दिसतात त्या समोच्च रेषा. एका रेषेवरचे सगळे बिंदू समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर. या नकाशांवर दोन रेषांमधलं उंचीचं अंतर सहसा २० मीटर असतं आणि दर पाचवी रेषा जाड असते. निळा रंग पाण्याचा, हिरवा जंगलाचा, पिवळा शेतीचा, लाल रस्त्यांचा आणि वस्तीचा.

४७ जी/९ समोर ठेवा. महाबळेश्वरच्या पश्चिमेला रेषा इतक्या दाटतात की तपकिरी डाग पडल्यासारखं दिसतं. तो सह्याद्रीचा कडा. माथ्यावर त्याच रेषा फाकतात, म्हणजे तिथे सपाटी. आता नदीपाशी या. समोच्च रेषा ओढ्याला ओलांडताना टोकदार वळण घेतात, आणि ते टोक नेहमी उगमाकडे असतं. डोंगराच्या सोंडेवर ते टोक उताराकडे. एवढी एक खूण ओळखता आली की दरी आणि सोंड यांत गल्लत होत नाही. गडावर वाट चुकलेल्याला ही खूण खरोखर वाचवते, म्हणून ती रटून नका ठेवू, दहा ओढ्यांवर बोट फिरवून पाहा.

मग संपूर्ण रेघेचा छेद काढा. आलेख कागदावर आडवं प्रमाण १ सेंटिमीटरला १० किलोमीटर घ्या, रेघ सुमारे २१ सेंटिमीटर भरेल. उभं प्रमाण १ सेंटिमीटरला २०० मीटर. उंची साधारण अशा: हरिहरेश्वर समुद्रपातळीला, पोलादपूर शंभर मीटरच्या आत, महाबळेश्वर सुमारे १,३५०, पाचगणी सुमारे १,२९०, वाई सुमारे ७२०, फलटण सुमारे ५७० आणि अकलूज सुमारे ४७० मीटर. वाई आणि फलटण यांच्यामध्ये महादेवाच्या डोंगररांगेचा उंचवटा दाखवायला विसरू नका. पुणे-सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट याच रांगेवर आहे.

या छेदात उभं प्रमाण आडव्याच्या पन्नास पट वाढवलेलं आहे, ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. न वाढवता काढलं असतं तर महाबळेश्वरची उंची जेमतेम दीड मिलिमीटर भरली असती आणि काहीच दिसलं नसतं. छापील पुस्तकांतले छेदही असेच वाढवलेले असतात.

छेद तयार झाला की दोन भागाकार करा. पोलादपूर ते महाबळेश्वर सरळ रेषेत सुमारे २२ किलोमीटर आणि चढ सुमारे १,३०० मीटर, म्हणजे किलोमीटरला साठ मीटर. वाई ते अकलूज सुमारे १२० किलोमीटर आणि उतार २५० मीटर, म्हणजे किलोमीटरला दोन मीटर. पश्चिमेला भिंत, पूर्वेला जवळजवळ सपाटी. पुढचा सगळा भूगोल या दोन आकड्यांच्या फरकातून उलगडतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटातला रस्ता इतकी वळणं का घेतो, हेही त्यातच आलं.

खडक आणि नद्या

हा सगळा मुलूख लाव्हाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, थरांवर थर साचले आणि दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्या. महाबळेश्वरच्या माथ्यावर आणि पाचगणीच्या टेबल लँडवर बेसॉल्टच्या वर जांभ्याचं टोपण आहे. भरपूर पाऊस आणि उष्णता यांनी खडक झिजून, त्यातलं विरघळणारं वाहून जाऊन लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं की जांभा होतो. रेघेच्या दुसऱ्या टोकाला हरिहरेश्वरला समुद्र खडकावर काम करताना दिसतो. देवळाच्या प्रदक्षिणेची वाट ज्या सपाट खडकावरून जाते तो लाटांनी कापून काढलेला तरंगघर्षित मंच आहे, आणि शेजारच्या कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं पडलेली आहेत. तिथे ओहोटीच्या वेळीच जा. भरतीत ती वाट धोक्याची असते.

आता नद्या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतल्या सावित्री आणि कृष्णा या दोघींचे मार्ग नकाशावर पेन्सिलीने गिरवा. सावित्री पश्चिमेला कड्यावरून कोसळते, पोलादपूर आणि महाडवरून जाते आणि बाणकोटच्या खाडीतून हरिहरेश्वरपाशी अरबी समुद्राला मिळते. उगमापासून समुद्र सरळ रेषेत सत्तर किलोमीटरही नाही. तिच्याच शेजारी उगवणारी कृष्णा मात्र पूर्वेला वळते, धोम आणि वाईवरून निघते आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश पार करून सुमारे १,४०० किलोमीटरनंतर बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेल्या दोन थेंबांमध्ये हातभर अंतर असेल, तरी त्यांचे समुद्र वेगळे होऊ शकतात. ज्या रेषेवर हे ठरतं ती जलविभाजक. टोपोशीटवर ती छापलेली नसते, तुम्हाला ती समोच्च रेषांवरून काढावी लागते. माथ्यावरून अशी पेन्सिल न्या की ती कुठलाही निळा प्रवाह ओलांडणार नाही.

जलविभाजक कायम तिथेच राहील असंही नाही. पश्चिमेकडच्या नद्यांचा उतार तीव्र, त्यामुळे त्यांची खणण्याची ताकद जास्त. त्या उगमाकडे मागे मागे पोखरत जातात आणि कडा पूर्वेला सरकतो, अर्थात फार सावकाश. माणसानेही ही रेषा ओलांडली आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी, पण कोयना प्रकल्पात तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीच्या वीजगृहाकडे उतरवलं आणि वीज निर्माण करून ते वाशिष्ठीत सोडलं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी आता अरबी समुद्रात जातं.

पाऊस

आलेख कागदावर छेदाच्या वरच्या बाजूला प्रत्येक ठिकाणी वार्षिक पावसाचा स्तंभ काढा. किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पोलादपूरला त्याहून जास्त, महाबळेश्वरला साडेपाच ते सहा हजार. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. वाईला हजाराच्या आत. फलटण आणि अकलूजला पाचशेच्या आसपास. नेमके आकडे हवामान विभागाच्या नोंदींतून आणि राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरून काढा. तिथे मंडळनिहाय पाऊस मिळतो. एका वर्षाचा आकडा म्हणजे हवामान नव्हे, तीसेक वर्षांची सरासरी घ्यावी लागते.

कारण सर्वांनी शाळेत वाचलेलं असतं: नैऋत्येकडून आलेले बाष्पयुक्त वारे कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात, पाऊस देतात. पलीकडे उतरताना हवा तापते, तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि पर्जन्यछाया पडते. मात्र इथे एक चुकीचा निष्कर्ष टाळा. ‘उंची जास्त तिथे पाऊस जास्त’ असं वहीत लिहून मोकळे होऊ नका. तुमचेच आकडे पाहा: पोलादपूर शंभर मीटरच्या आत असून तिथे तीन हजारांच्या वर पाऊस, आणि फलटण जवळपास पावणेसहाशे मीटरवर असून पाचशे. उंचीपेक्षा वाऱ्याकडे तोंड आहे की पाठ, हे महत्त्वाचं ठरतं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण असतेच असं नाही, हे भूगोलात फार लवकर शिकावं.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, म्हणजे अकलूजच्या वर्षभराच्या पावसापेक्षा जास्त. त्याच दिवसांत महाड पुराखाली गेलं आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. छेद समोर ठेवून विचार करा: एवढं पाणी, किलोमीटरला साठ मीटरचा उतार, खाली अरुंद सखल पट्टी आणि नदीतून महाडच्या जवळपर्यंत चढणारी भरती. पाऊस कड्यावर पडतो आणि पूर पायथ्याला येतो. म्हणून महाडच्या माणसाने महाबळेश्वरच्या पावसाकडे लक्ष ठेवायला हवं, आणि नियोजन करणाऱ्यांनी तर आधी.

माणसं, पिकं, वस्ती

महाड आपल्या रेघेच्या थोडं उत्तरेला आहे, पण ते सोडून पुढे जाता येत नाही. खाडीतून गलबतं जिथपर्यंत येऊ शकत तिथे माल उतरायचा आणि बैलांवर लादून घाट चढायचा. त्या अदलाबदलीच्या जागी बाजारपेठ वाढली. गाव ज्या जमिनीवर वसलं आहे ती त्याची जागा, आणि भोवतालच्या मुलखाशी त्याचं जे नातं आहे ती त्याची स्थिती. महाडची जागा पुराची, स्थिती मात्र व्यापाराला उत्तम. याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात माणसांना तळ्याचं पाणी नाकारलं जात होतं. पाणी किती आहे हे निसर्ग ठरवतो, ते कुणाला मिळेल हे समाज. मानवी भूगोलाचा अभ्यास इथून सुरू करावा असं मला मनापासून वाटतं.

रेघेच्या पूर्व टोकालाही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पाचशे मिलिमीटर पावसाच्या फलटण-अकलूज पट्ट्यात ज्वारी-बाजरी दिसायला हवी, आणि दिसतो ऊस. उपग्रहाच्या चित्रात तो हिरवा पट्टा शोधा, त्याच्या दक्षिणेची कड एका रेषेत कापल्यासारखी दिसेल. ती रेषा म्हणजे नीरा उजवा कालवा. भोरजवळच्या भाटघर धरणात घाटमाथ्याचा पाऊस साठतो, नीरेतून येतो आणि कालव्यातून फलटणकडे आणि अकलूज ज्यात येतं त्या माळशिरस तालुक्याकडे जातो. म्हणजे अकलूजच्या उसाचं पाणी अकलूजला पडलेलंच नाही. पर्यावरण माणसाला मर्यादा घालतं आणि माणूस त्यातून वाट काढतो, पण फुकट नाही: कालव्याखालच्या खोल काळ्या जमिनीला सतत पाणी देऊन पुष्कळ ठिकाणी ती चोपण, म्हणजे क्षारांमुळे घट्ट आणि नापीक झाली आहे.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मात्र सरळ उंचीची आणि थंडीची देणगी. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी या एवढ्याशा पट्ट्यातून येते आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

वस्तीचा नमुना टोपोशीटवर नुसता बघूनही कळतो. ४७ जी/५ वर लाल ठिपके डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले, या वाड्या. ४७ के/५ वर ते गोळा झालेले, मधे गावठाण आणि भोवती मोकळी शेती. कोकणात पाणी जागोजागी आणि सपाटी तुकड्यातुकड्यांची, देशावर उलट. संरक्षण, जमिनीची मालकी, जातीची रचना ही कारणंही त्यात मिसळलेली आहेत, म्हणून एकाच कारणावर थांबू नका.

प्रदेश ही संकल्पना शेवटी घ्या. कोकण, घाटमाथा, मावळ, देश, माणदेश ही नावं लोकांनी जमीन बघूनच दिली आहेत. तुमच्या छेदावर त्यांच्या सीमा आखून पाहा. उंचीवरून आखली तर एक येईल, पावसावरून दुसरी, बोलीवरून तिसरी. त्या जुळल्या नाहीत तर घाबरू नका.

रेघेवर जाऊन या

कागदावरचं काम झालं की निदान वाई ते महाबळेश्वर एवढा टप्पा प्रत्यक्ष पाहा. पसरणी घाट चढताना लाव्हाचे थर मोजा, टेबल लँडवर जांभा हातात घ्या, आणि महाबळेश्वरच्या आर्थर सीट या कड्यावरून सावित्रीची दरी पाहताना नकाशा उत्तरेला जुळवून धरा. पावसाळ्यात गेलात तर पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामध्ये झाडं, छपरं आणि भिंतींवरचं शेवाळ कुठे बदलतं ते लक्षात ठेवा.

लोकांशी बोला, पण ‘तुमच्याकडे पाण्याची परिस्थिती कशी आहे’ असं मोघम विचारू नका. विहीर किती परस (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची) खोल आहे, मुरूम कुठे लागला आणि कातळ कुठे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, वडिलांच्या वेळी इथे कोणतं पीक होतं, आठवड्याच्या बाजाराला कुठे जाता. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं दहा गावांतून गोळा केली आणि नकाशावर जोडली की कुठल्या पेठेचा पसारा कुठवर आहे, ते समोर येतं. तारीख, वेळ आणि ठिकाण प्रत्येक नोंदीला हवंच.

ही रेघ झाली की दुसरी आपल्या भागातली घ्या. नाशिककरांनी त्र्यंबकच्या डोंगरातून, जिथे गोदावरी पूर्वेला आणि वैतरणा पश्चिमेला निघते. विदर्भातल्यांनी अकोल्यापासून गोंदियापर्यंत. तिथे पश्चिमेला बेसॉल्टची काळी जमीन आणि कापूस, नागपूरच्या पुढे खडक बदलून त्याहून कितीतरी जुना होतो, आणि भंडारा-गोंदियाकडे भात आणि तलाव लागतात. पाऊसही पूर्वेकडे कमी न होता वाढत जातो, कारण तिथे बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा प्रभाव मोठा. सह्याद्रीच्या रेघेवर बसवलेला नियम तिथे लागू पडत नाही, तेव्हा त्या रेघेचे पावसाचे स्तंभ काढण्याआधी आपला अंदाज पेन्सिलीने लिहून ठेवा आणि मग आकडे उघडा.